उघडा ठेवलेला कान

"पिन काढ. खटका दाबून धर. अरे, चिमणी धरलीयस असं समज. उडू द्यायची नाही, चिरडायचीही नाही!"

बॉम्बफेक शिकवणाऱ्या उस्तादांच्या या वाक्याला आजवरचे सगळे रंगरूट हसले होते. आजचा हा हसला नाही. सहा फुटांचा गडी, सगळे त्याला लांब्याच म्हणत. पण त्या छातीएवढ्या खंदकात तो वाकून अर्धा झाला होता, कारण हातातला बॉम्ब खराखुरा होता.

उस्तादांना छावणी कानसेन म्हणायची. कीर्तीच तशी! भटारखान्यात मुंगीनं जांभई दिली, तर हे मैदानातून ओरडायचे, "साखरेचा डबा झाका रे!" एकदा म्हणे साहेबांच्या मनातली शिवी यांना ऐकू आली, तर यांनी आधीच माफी मागून टाकली. खोटं वाटत असेल तर छावणीत जाऊन विचारा.

त्या कीर्तीच्या मागे काम होतं. बॉम्बचा खटका सुटून उडाला की 'टिंग' असा बारीक आवाज होतो. तिथून फुटेपर्यंत चार सेकंद. रंगरुटानं दोन्ही कानांत बोळे घालायचे, पण उस्तादानं उजवा कान उघडा ठेवायचा. पोराच्या मुठीतच खटका सुटला, तर कुणाला तरी ऐकू यायला नको का? बावीस वर्षं त्यांनी तो कान उघडा ठेवला. लढाई एकही पाहिली नाही. स्फोट मात्र भाकरीसारखे, रोजचे.

आणि त्या स्फोटांनी आधी नेमका तोच कान खाल्ला, मग बोळा घातलेला डावाही. दोन वर्षं झाली, टिंग बंद. हे फक्त बायकोला ठाऊक होतं. आज सकाळीच ती समोर येऊन उभी राहिली होती, ओठ दिसतील अशी.

"अहो, आज तरी साहेबांना सांगून टाका."

"सांगितलं की मैदान सुटलं. मग मी कोण?"

"माझा नवरा! ही काय लहानसहान नोकरी आहे?"

"डोळ्यांनी भागवतो गं. पोराच्या मुठीवरून नजर काढत नाही."

"आणि ज्या दिवशी काढाल त्या दिवशी?"

उस्तादांनी बूट बांधायला मान खाली घातली. मान खाली घातली की तिचं ऐकू येत नसे, ही एक सोय होती.

खंदकात लांब्यानं पिन काढून हात मागे नेला. तेवढ्यात वाऱ्यानं समोरचं धोक्याचं लाल निशाण काठीला गुंडाळलं. निशाण दिसलं नाही तर कुणीतरी मैदानात शिरायचं! उस्तादांची नजर तिकडे गेली. पापणी लवेल एवढाच वेळ.

नजर परत आली, तेव्हा लांब्याचं तोंड वासलेलं होतं आणि घामेजल्या मुठीतला खटका गायब होता.

किती सेकंद गेले? एक? तीन? ज्यानं टिंग ऐकलं त्यालाच ते माहीत असणार. उस्तादांना माहीत नव्हतं.

त्यांनी बॉम्ब ओरबाडून भिंतीपलीकडे भिरकावला, लांब्याला आडवा पाडला आणि त्याच्यावर पडले. बॉम्ब जमिनीला टेकलाच नाही. वरच्यावर फुटला. खडे-माती पाठीवर बदाबदा कोसळली.

मागच्या भिंतीआडून साहेब धावत आले. "शाब्बास, कानसेन! टिंग ऐकलंत म्हणून दोघं वाचलात!"

जेवणाच्या सुट्टीपर्यंत गोष्टीला पाय फुटले. उस्तादांना म्हणे पिन निघायच्या आधीच टिंग ऐकू आलं होतं. लांब्या तर शपथेवर सांगत होता.

दुपारी अजून अठरा पोरं त्या खंदकात उतरायची होती, उस्तादांच्या कानाच्या भरवशावर. ताट तसंच ठेवून ते साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, मला टिंग ऐकू आलं नाही."

"अहो, किती तो विनय!"

"विनय कसला? मी निशाण बघत बसलो होतो. दोन वर्षं ऐकू येत नाही मला. तपासणीत डॉक्टर पाठीमागून आकडे कुजबुजतात, ते मी कपाटाच्या काचेत त्यांच्या ओठांवरून वाचतो. दुपारी दुसऱ्या कुणाला तरी उभं करा."

साहेब उठले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. उस्ताद ताठ उभे राहून वाट पाहू लागले. साहेब काहीतरी बोलतील म्हणून. बराच वेळ गेला. मग साहेब वळले, आणि त्यांचा चेहरा बघून उस्तादांना कळलं, की साहेबांचं बोलून झालं होतं.

"दुपारी मी उभा राहतो," साहेब म्हणाले. एकेक शब्द, ओठ नीट हलवून.

पुढच्या आठवड्यात उस्ताद गोदामात बसू लागले. तिथे गणवेश, बूट, घोंगड्या. एका दुपारी ते दाराकडे पाठ करून घोंगड्यांच्या घड्या घालत होते. घडी फळीवर ठेवायला वळले, तर समोर लांब्या. ताठ उभा, डोळे ओले, ओठ नुकते मिटलेले. केव्हाचा आला होता, काय काय बोलला होता, कुणास ठाऊक.

'पुन्हा म्हण' एवढं म्हणणं काही अवघड नव्हतं.

उस्तादांनी हातातली घोंगडी त्याच्या हातावर ठेवली. मग जरा थांबून तिच्यावर आणखी एक ठेवली.

"घे," ते म्हणाले. "थंडी वाढलीय."