चार बोटांचं अंतर

थोरलीची मान दुखत होती हे खरंच, पण त्याहून जास्त तिच्या पोटात दुखत होतं, आणि ते काही कुठल्या डॉक्टरला सांगायची सोय नव्हती.

बावीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून वाकून तिचं डोकं खांद्यांच्या पुढे आलं होतं. आता हाताला मुंग्या यायच्या, सुईत दोरा ओवता येईना. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी स्पष्टच सांगितलं, "सहा आठवडे नेमानं करा. फरक पडला नाही, तर मशीन सोडावं लागेल." मशीन सोडायचं म्हणजे खिडकीजवळची जागा धाकट्या जावेला द्यायची! जिला सुई धरायला हिनंच शिकवलं, तिला!

त्यात धाकटीचीही मान दुखायला लागली. माझं म्हणून एक दुखणं होतं, त्यातही वाटणी! थोरली मनातल्या मनात चडफडली. दोघी बरोबरच जाऊ लागल्या. भिंतीला टाचा आणि पाठ टेकून उभं राहायचं. डोकं आणि भिंत यांच्यामध्ये किती बोटं जातात ते मॅडम बघायच्या. पहिल्या दिवशी दोघींची चार-चार बोटं. तिसऱ्या आठवड्यात धाकटी दोनवर आली. थोरली होती तिथेच.

"वा! बघा कशी सरळ झाली मान," मॅडम म्हणाल्या, आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

ही चोरून जास्तीचं काहीतरी करत असणार! घरी दोघींची मशीनं शेजारी-शेजारी, धाकटी डाव्या हाताला. तिनं हनुवटी आत ओढली की हिचा डोळा तिकडे. तिनं खांदे मागे नेले की ही मोजायला तयार. तिचे दहा, तर माझे वीस! या नादात शिवणी तिरप्या गेल्या, दोन पडदे उसवावे लागले, पण नजर काही हटेना. "धाकटी हल्ली ताठ चालते," असं नवरा जेवताना नुसतं म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या भाजीत मीठ नव्हतं.

सहाव्या आठवड्यात थोरली चांगला जाडजूड अंबाडा घालून गेली. भिंतीला टेकली. एक बोट जाईल तर शपथ!

"छान. आता अंबाडा सोडा," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

सोडला. चार बोटं.

"गेलं माझं मशीन," म्हणत थोरली रडायलाच लागली.

मॅडमनी तिची मान दोन्हीकडे वळवून पाहिली. "उजवीकडे वळतच नाही ही. व्यायाम करतानासुद्धा मान डावीकडेच वळवून ठेवता की काय? दिवसभर एवढं बघता काय तिकडे?"

थोरली घाईघाईनं अंबाडा बांधायला लागली.

"मला बघतात," धाकटी म्हणाली.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं थोरलीला झालं.

"मॅडम, ताईंना अजून सहा आठवडे द्या ना," धाकटीच पुढे म्हणाली, आणि मॅडमनी दिले.

घरी येताच धाकटीनं आपलं मशीन खरखर ओढत नेऊन थोरलीच्या बरोबर समोर, भिंतीच्या कोपऱ्यात लावलं.

"अगं, तिथे उजेड नाही," थोरली पुटपुटली.

"नसू दे. बघायचंच आहे ना ताई, तर आता मान सरळ ठेवून बघा."

मेलीच्या या चांगुलपणाचाही थोरलीला हेवाच वाटला, काय करणार! पण हनुवटी मात्र तिनं आत ओढली.