गार औषध

फार्मासिस्टने काकूंच्या घरातल्या फ्रीजचं दार उघडलं, पण आतून गारवा काही आला नाही. वरच्या कप्प्यात चादरी, मधल्यात घड्या घातलेले कपडे आणि दारात, अंड्यांच्या खाचांमध्ये, इन्सुलिनच्या बाटल्या ओळीने उभ्या. तिने एक बाटली हातात घेतली. चांगली कोमट लागली.

“कपाट म्हणून काय वाईट आहे?” पलंगावरून काकू हसत म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाले फ्रीजमध्ये ठेवा. ठेवते की!”

फ्रीज बंद पडून दोन उन्हाळे उलटले होते. शेजारी उभ्या असलेल्या काकांनी ओशाळून मान खाली घातली. जन्मभर लोकांच्या घरांना रंग दिलेला माणूस. बायकोला सकाळ-संध्याकाळ सुई तेच टोचत, आणि हात इतका हलका की काकूंना कळायचंही नाही.

दवाखान्याच्या फार्मसीत माणसं तीन: ती, थोरले फार्मासिस्ट आणि घरोघर औषधं पोचवणारा लंबू. गोळ्या देता देता माणसाच्या घराचीही विचारपूस करायची, हे खूळ तिचं. पाणी कुठून आणता, स्वयंपाक कोण करतं, फ्रीज आहे का. “नसती उठाठेव,” असं थोरले म्हणत आणि तिच्याआधी स्वतःच विचारत. काकांनी फ्रीज आहे म्हणून सांगितलं होतं. तो चालतो का, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. इकडे साखर उतरेना म्हणून डॉक्टर डोस वाढवत राहिले, तिकडे तापल्या पत्र्याखाली औषधाचं पाणी होत राहिलं.

“रोग रेड्याला आणि औषध पखालीला,” ऐकून थोरले म्हणाले. फार्मसीतला जुना छोटा फ्रीज त्यांनीच धुऊन-पुसून काढला. लंबूने तो हातगाडीवर घालून नेला आणि जिन्यावरून कुथत-कण्हत वर चढवला. ताज्या बाटल्या तिने स्वतः आत ठेवल्या. फ्रीज घरघरायला लागला.

“घोरतो अगदी ह्यांच्यासारखा,” काकू म्हणाल्या.

सगळे हसले. काकासुद्धा. त्या दिवशी तिला आपल्या कामाचा फार अभिमान वाटला.

आठवडा सरायच्या आतच काका फार्मसीच्या खिडकीपाशी आले. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा होता.

“उरलेल्या बाटल्या बर्फ घालून आणल्यात,” ते म्हणाले. “दोन तर उघडल्याही नाहीत. दुसऱ्या कोणाला होतील.”

“आणि काकू?”

“गेली. परवा दुपारी.” त्यांनी डबा जपून आत सरकवला. “पण ताई, शेवटी तरी तिला चांगलं औषध मिळालं. मी एक डोस चुकवला नाही. नव्या औषधाने तिला थंडी भरायची. घामाने चिंब व्हायची, हात थरथरायचे. म्हटलं, गार औषध अंगात गेल्यावर माणूस गारठणारच. परवा जास्तच वाजायला लागली, तेव्हा जाड पांघरूण घातलं. झोपली ती झोपलीच.”

तिला सगळं उमगलं. पाणी झालेल्या औषधासाठी वाढवलेला डोस ताज्या औषधालाही तसाच चालू राहिला होता. काकूंची साखर तळाला गेली होती. बाटल्या बदलल्या त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून डोस कमी करून घ्यायचा, एवढं एकच काम तिचं होतं. फ्रीजच्या आनंदात ते राहून गेलं.

मागे थोरल्यांच्या हातातली गोळ्यांची पट्टी तशीच राहिली. त्यांच्याही आता लक्षात आलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहून हळूच मान हलवली. सांगू नको.

“काका, आत या,” तिने बाजूचं दार उघडलं. “बसा जरा.”

त्यांना स्टुलावर बसवून तिने सगळं सांगितलं. डोस कसा वाढला, का वाढला आणि कोणी कमी करायला हवा होता.

“चूक माझी आहे, काका. तुमच्या हातून काहीही चुकलं नाही.”

चमचाभर साखर वेळेवर तोंडात घातली असती तर काकू उठून बसल्या असत्या, एवढं मात्र तिने सांगितलं नाही. ते तिने आपल्यापाशीच ठेवलं.

काका आपल्या हातांकडे बघत राहिले. ते ओरडतील असं तिला वाटलं. ओरडले असते तर तिला बरंच वाटलं असतं.

“म्हणजे तिला थंडी वाजत नव्हती?” त्यांनी विचारलं.

“नाही, काका.”

“मी गळ्यापर्यंत पांघरूण ओढलं. पंखासुद्धा बंद केला.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “तिला उकाडा मुळीच सोसत नाही हो.”