गळलेला मजकूर

"फोन वाजत होता पूर्णविराम. तिने तो उपडा केला स्वल्पविराम आणि पुढचा घास घेतला पूर्णविराम."

एवढं वाचून ती थांबली. समोर नवरा छापखान्यातून तपासायला आलेल्या मुद्रितांवर पेन्सिल टेकवून पुढच्या वाक्याची वाट बघत होता.

"थांबलीस का? अक्षर लागत नाही का?"

अक्षर लागत होतं. त्याचं ते किरटं अक्षर जगात काय ते तिलाच लागायचं. छापखान्यातला माणूस अंदाजपंचे जुळवायचा आणि वाक्यंच्या वाक्यं गाळायचा. म्हणून प्रत्येक कादंबरीच्या वेळी हे काम तिच्या गळ्यात पडे. तिने मूळ प्रत हातात धरून विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचं, त्याने मुद्रितांवर नजर ठेवायची आणि मजकूर गळला असेल तिथे खूण करायची. त्याआधी लेखकमहाशय तिला एक ओळही दाखवत नसत. वाचणाऱ्याने अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही, नाहीतर चुका निसटतात, हाही त्यांचाच नियम. तिनेही तो आजवर इमानाने पाळला होता.

"हा फोन माझ्या ताईचा आहे," ती म्हणाली.

"कादंबरीतल्या बाईच्या ताईचा आहे."

"अहो, आई गेली त्या दिवशीचा फोन आहे हा. ताईला मी सांगितलंय, आंघोळीला गेले होते म्हणून. ती अजून तेच धरून चाललीय. आणि तुमचं पुस्तक आलं की सगळ्यात आधी तीच वाचते."

त्याने चष्मा कपाळावर चढवला. चष्मा वर गेला की समजायचं, आता व्याख्यान.

"अख्खी कादंबरी या पानावर उभी आहे. आपल्या माणसापुढे किती उघडं व्हावं, हाच तर विषय आहे माझा. आणि तुला वाईट कुठे दाखवलंय? पुढे नवरा तिला किती समजून घेतो बघ ना."

"पान काढा."

"असं काढता येत नाही गं. पुढचं सगळं ढासळेल. शिवाय उद्या छापखान्यात द्यायचंय. वाच."

तिला राग आला, भयंकर आला. पण त्याहून जास्त लाज वाटली. आईच्या आजारपणात ताई एकटी खस्ता खात होती, आणि ही इकडे, पुन्हा तेच रडगाणं असेल म्हणून फोन उपडा करून जेवत बसली होती. ताईने उलट तिचीच समजूत घातली होती, 'तुला काय माहीत होतं गं!' हे ती फक्त एका माणसाजवळ बोलली होती. एका दुपारी वीज गेली होती, पंखा बंद होता, दोघं गार फरशीवर आडवी पडली होती. तेव्हाही आधी तोच बोलला होता, तिच्या ऑपरेशनच्या दिवसाबद्दल, तिच्या मांडीत तोंड खुपसून, हुंदके देत. तिने ते सगळं पोटात घातलं, आणि मगच आपलं सांगितलं.

ती वाचत राहिली. कादंबरीतली बायको रडली, नवरा समजूतदार झाला, उद्गारचिन्हं आली नि गेली. पुढचं प्रकरण बायकोच्या ऑपरेशनचं होतं.

"तो दिवसभर त्या बंद दारासमोरच्या बाकावरून हलला नाही पूर्णविराम. कुणीतरी पाणी पुढे केलं स्वल्पविराम त्याने नुसती मान हलवली पूर्णविराम."

पेन्सिल समाधानाने सरकत होती. तिने मान वर केली नाही. आवाजही तोच ठेवला, एकसुरी.

"खरं म्हणजे तिला आत नेताच तो तिथून पळाला होता पूर्णविराम. स्टँडवर जाऊन त्याने मिळेल त्या गावाचं तिकीट काढलं स्वल्पविराम आणि बसमध्ये जाऊन बसला पूर्णविराम. ती मेलीच तर आपण तिथे नसावं स्वल्पविराम एवढंच त्याला वाटत होतं पूर्णविराम. नर्सचा फोन आला स्वल्पविराम ती वाचली असं कळलं स्वल्पविराम तेव्हा तो खाली उतरला पूर्णविराम."

सवयीने त्याची पेन्सिल समासाकडे गेली. खूण अर्धी काढून झाल्यावर हात थांबला.

"हे माझ्याकडे नाही."

"हो, गळलंय. घालून घ्या."

त्याचे कान लाल झाले. ती त्याच्याकडे बघत राहिली. आता तरी हा दोन्ही पानं बाजूला सारेल, निदान 'चुकलं' म्हणेल, असं तिला मनापासून वाटलं. तेवढं तिला पुरलं असतं. त्याने चष्मा काढला, काचा सदऱ्याला पुसल्या. मग चष्मा डोळ्यांवर आला.

"मिळेल त्या गावाचं तिकीट," तो पुटपुटला. "हे मी विसरूनच गेलो होतो. पुन्हा सांग बरं, जरा सावकाश."

तिने सावकाश सांगितलं. तो समासात लिहीत गेला. मध्येच थांबून त्याने एक शब्द खोडला.

"फक्त हे त्याला शोभत नाही गं. वाचकाच्या मनातून उतरेल तो. आपण ऑपरेशन त्याचं करू, आणि बसमध्ये ती जाऊन बसेल. फोन उपडा ठेवणारी बाई हेच करेल ना? अगदी चपखल बसतंय. छापखान्याकडून दोन-चार दिवस मागून घेतो."

तिने मूळ प्रत टेबलावर ठेवली, उडू नये म्हणून वर पेपरवेट ठेवला, आणि मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेली. ताईने पहिल्याच रिंगला फोन उचलला. ती नेहमीच उचलत आली होती.

"बोल गं. जेवलीस का?"

"ताई, त्या दिवशी मी आंघोळीला नव्हते."

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला.

"अगं, ये ना," बाहेरून नवऱ्याची हाक आली. "पुढचं पान घेऊ."

ती फोन कानाला लावून उभी राहिली.