कात्रीकाकांनी चोर कसा धरला

ही गोष्ट ऐकून कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि कात्रीकाकांना तेच हवं असे. लगेच पटते ती बातमी, असं त्यांचं म्हणणं, आणि बातम्या काय, सलूनच्या बाकड्यावर शिळ्या होऊन पडलेल्याच असतात.

"आता सांगतो ते तुला पटायचं नाही हं," असं म्हणत ते गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड आवळत. एकदा कापड आवळलं, कात्री चालली, की ऐकणारा हक्काचा. अर्धं डोकं भादरलेला माणूस उठून जाणार कुठे?

पूर्वी त्यांच्याकडे थापांचा भरपूर साठा होता. एका गिऱ्हाइकाचे केस इतके दाट, की त्यात कात्री हरवली. दोन महिन्यांनी तो परत आला तेव्हा कात्री सापडली, शिवाय दुसऱ्याच कुठल्यातरी सलूनचा कंगवाही सापडला. ही थाप ऐकून लहान मुलंसुद्धा "काका, काहीही!" म्हणत आणि काका खूश होत.

गेल्या वर्षापासून मात्र बाकीच्या थापा मागे पडल्या. एकच गोष्ट उरली, चोराची.

भर दुपारी सलूनमध्ये एक जण हातोडी घेऊन शिरला. काका एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते, काकू गल्ल्यापाशी टॉवेलच्या घड्या घालत होत्या. एवढं सगळ्यांनाच ठाऊक होतं, पोलिसांकडेही तसंच नोंदलेलं होतं. पुढचं काका सांगत. आरशात चोर दिसताक्षणी ते गर्रकन वळले, त्याच्या अंगावर झेपावले, मनगट पिरगाळलं, आणि त्या झटापटीत हातोडी निसटून काकूंच्या उजव्या हातावर पडली. चोर हिसडा देऊन पळाला, पण काकांच्या धक्क्याने इतका हबकला होता की पुढच्या चौकात आयताच सापडला.

गिऱ्हाईक बदलेल तशी हातोडी वाढत गेली. आधी खिळे ठोकायची होती, मग दगड फोडायची झाली. चोरही वाढले.

"काका, मागच्या खेपेला एकच चोर होता," एकदा एका शाळामास्तरांनी हटकलं.

"मागच्या खेपेला तुमची नुसती कानशिलं कोरायची होती, मास्तर. तेवढ्या वेळात एकच मावला. आज पूर्ण कटिंग आहे."

सगळे हसले. काकाही हसले, म्हणजे हसल्यासारखा आवाज त्यांनी काढला. हल्ली त्यांना आपलाच आवाज शेजारच्या दुकानातल्या रेडिओसारखा ऐकू येई. कात्री चाले, तोंड चाले, आणि ते स्वतः कुठेतरी मागे बाकड्यावर नंबर लावून बसलेले असत. भाजीत मीठ आहे की नाही, ते काकूंनी विचारल्यावर त्यांना आठवावं लागे. सख्ख्या मेव्हण्याच्या मयतीला जाऊन आले आणि तसेच संध्याकाळी दुकान उघडून बसले. काही वाटायला हवं होतं, एवढंच त्यांना वाटलं.

काकू पडद्यामागे बायकांच्या भुवया करायच्या. दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा दोन्ही हातांच्या बोटांत, आणि काम असं की बाई आरशात बघून पुन्हा पुन्हा स्वतःकडेच बघत राही. आता उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. पडदा होता, मागे खुर्चीही होती. खुर्चीवर टॉवेल ठेवले जात.

काका गोष्ट सांगत तेव्हा काकू केर काढत. मध्ये कधी बोलल्या नाहीत. फक्त हातोडी निसटायची वेळ आली की केरसुणी थांबे आणि मग पुन्हा चालू होई. काका तेव्हा गिऱ्हाइकाची मान पुढे वाकवत आणि स्वतःही खालीच बघत.

एके दिवशी पीडितांना मदत करणाऱ्या केंद्रातून एक बाई आल्या. पायात साध्या चपला, बोलणं सावकाश. गुन्हेगार आणि पीडित यांच्यात त्या मध्यस्थीचं काम करत. हातोडी घेऊन शिरलेल्या त्या मुलाला शिक्षा झाली होती, ती तो भोगतच होता, पण त्याला तुम्हा दोघांना भेटायचंय, असं त्यांनी सांगितलं. बळजबरी नव्हती. नको असेल तर नको.

"तुम्हाला त्या भेटीतून काय हवंय?" त्यांनी काकूंना विचारलं.

काकूंनी हातातला टॉवेल उलगडला आणि परत त्याची घडी घातली.

"त्या दुपारी काय झालं, ते कुणीतरी माझ्यादेखत धड सांगावं. बाकी काही नको."

"अगं, मग सांगतो की! रोजच सांगतो," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. "जाऊ या," एवढंच बाईंना म्हणाल्या.

भेटीची खोली एका वाचनालयाच्या वर होती. गोलात चार प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये टेबल नाही, खिडकीत पाण्याचा जग. दाराबाहेर तुरुंगाचा शिपाई पेपर वाचत बसला होता. मुलगा आधीच येऊन बसला होता. विशीतला, खांदे पाडलेला. काकांनी सवयीने आधी त्याचे केस बघितले. कानामागे पायऱ्या पडल्या होत्या, एक कल्ला दुसऱ्याहून खाली. कुणी भादरलंय हे, असं त्यांच्या मनात आलं. राग यायला हवा होता. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली. काही आलं नाही.

"हे कोर्ट नाही," बाई म्हणाल्या. "इथे नियम दोनच. खरं बोलायचं आणि दुसरा बोलत असताना मध्ये बोलायचं नाही."

मुलाने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका खुर्चीत पुढे सरकले. "मीच सांगतो आधी. म्हणजे त्यालाही आठवायला सोपं जाईल."

बाईंनी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "सांगू द्या."

समोर मुलगा एकच होता, त्यामुळे चोरही एकावर आला. हातोडी पुन्हा खिळे ठोकण्याइतकी झाली. पण बाकी सगळं यथासांग. काका गर्रकन वळले, झेपावले, मनगट धरलं. खोलीत आरसा नव्हता, गिऱ्हाइकाची मान नव्हती, त्यामुळे बघायचं कुठे ते काकांना समजेना. ते पाण्याच्या जगाकडे बघून बोलत राहिले. "आणि झटापटीत हातोडी निसटली," शेवटी ते म्हणाले, "ती पडली हिच्या हातावर. तिथेच माझी चूक झाली म्हणा हवं तर. मी दोन्ही हातांनी धरायला हवं होतं."

बाई मुलाकडे वळल्या. "असंच झालं?"

मुलाने काकांकडे बघितलं. पांढऱ्या मिशा, गुडघ्यावर ठेवलेले हात, कधीपासूनच्या सांगण्याने गुळगुळीत झालेला चेहरा. या म्हाताऱ्याला देण्यासारखं आपल्याकडे काय आहे, याचाच विचार तो तुरुंगात करत बसला असावा. आता ते आयतं समोर आलं होतं, आणि त्यात त्याचंही भलं होतं.

"हो," तो म्हणाला. "काकांनी धरलं मला. पकड जबरदस्त होती. मनगट कितीतरी दिवस दुखत होतं. हातोडी सुटली माझ्या हातून. मला... मला कुणाला मारायचं नव्हतं. ती पडली."

वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी गोष्टीला होकार दिला होता, आणि तोही खुद्द चोराने. काका ताठ बसले. आता काहीतरी वाटेल, निदान बरं तरी वाटेल, म्हणून ते थांबले. मुलगाही थांबला. दोघं एकमेकांकडे बघून किंचित हसले, जुनी ओळख निघाल्यासारखे.

"पुढे बोल," काका त्याला हळूच म्हणाले. "मग मी तुला ढकललं..."

"हो, मग काकांनी मला ढकललं, आणि मी..."

"खोटं," काकू म्हणाल्या.

मध्ये बोलायचं नाही हे सांगायला बाईंनी हात उचलला. मग त्यांनी तो मांडीवर ठेवून दिला.

"साफ खोटं. हातोडी कुठे निसटली? यानं मारली. मी गल्ल्याचा ड्रॉवर सोडेना म्हणून परत मारली. आणि अहो, तुम्ही वळलासुद्धा नाहीत. मी हाक मारली, तुम्ही आरशात माझ्याकडे बघितलंत. चांगलं डोळ्यांत बघितलंत. आणि फेस लावत राहिलात. याला गल्ला घेऊन जाऊनही वेळ झाला, मी खाली बसून रडतेय, तरी तुमचा ब्रश गोल गोल चालूच. त्या गिऱ्हाइकाच्या नाकात फेस गेला, ते शिंकलं, तेव्हा कुठे थांबलात."