विचारेल तो शिकवेल

आमच्या शहरातल्या कॉलेज-ग्रंथालयांचं एक मंडळ आहे. मंडळ म्हणायचं एवढंच. ना अध्यक्ष, ना शिक्का. महिन्यातून एकदा आम्ही कुठल्या तरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात जमतो. तिथला मुख्य ग्रंथपाल यजमान. त्याने चहा-बिस्किटं द्यायची आणि स्वागताचे चार शब्द बोलायचे. मग बातम्या होतात: कोणाकडे कुठलं मासिक बंद झालं, कोणाकडे जादा प्रती पडून आहेत, कुठल्या विक्रेत्याने यंदा कोणाला टोपी घातली. शेवटी कोणीतरी उभं राहून बाकीच्यांना काहीतरी शिकवतं. एरवी अडलं-नडलं की फोनवरच्या ग्रुपवर विचारायचं.

या मंडळाला नियम एकच आहे. जो ग्रुपवर विचारेल, त्यानेच मिळालेलं उत्तर करून बघायचं आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांना शिकवायचं. या नियमाचं श्रेय लॉ कॉलेजच्या ग्रंथपालांना. त्यांना आम्ही विसरोबा म्हणतो. बारकोडची लेबलं तिरकी छापली जातात, सरळ कशी छापायची, हा प्रश्न ते दर महिन्याला नव्या उत्साहाने विचारायचे, आणि आम्ही दर महिन्याला जुन्याच उत्साहाने सांगायचो. एकदा कोणीतरी कंटाळून म्हणालं, "आता तुम्हीच आम्हाला शिकवा." त्यांनी शिकवलं. त्यानंतर त्यांचं एक लेबल तिरकं गेलेलं नाही.

मला हा नियम मानवतो. मी कॉमर्स कॉलेजची ग्रंथपाल. बोलायला उभं केलं की मला बसवावं लागतं. पण माझी नणंद या नियमाला घाबरते. ती सायन्स कॉलेजात सहायक ग्रंथपाल आहे आणि आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहते. माझ्यापेक्षा वयाने चांगली लहान, तरी चिडवायचं असलं की मी तिला मानाने "वन्सं" म्हणते. कामात तिचा हात धरणारं कोणी नाही. बैठकीत मात्र दाराजवळची खुर्ची धरायची आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखं बसायचं. घरात पोपटासारखी बोलणारी मुलगी चार माणसं समोर आली की मुकी होते. मंडळात येऊन तिला बरीच वर्षं झाली, पण ग्रुपवर तिने कधी एक प्रश्न टाकलेला नव्हता. विचारलं तर शिकवावं लागेल ना!

यंदा हे प्रकरण गळ्याशी आलं. तिच्या मॅडम, म्हणजे तिथल्या मुख्य ग्रंथपाल, निवृत्त होणार होत्या आणि प्राचार्यांनी त्यांची जागा हिला देऊ केली होती. परीक्षा संपायच्या आत हो की नाही ते सांगायचं होतं. ही नाही म्हणायच्या तयारीत.

"वहिनी, खुर्चीत बसायला माझी ना नाही," ती म्हणाली. "पण त्या खुर्चीतून सारखं उठून उभं राहावं लागतं."

तिचा दादा, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "नको असेल तर नको. आग्रह कशाला?" मला राग आला. बाहेरून कोणीतरी माणूस येणार, ज्याला त्या ग्रंथालयातलं एक कपाट ठाऊक नाही, आणि ही त्याला सगळं दाखवत फिरणार. पण नणंदेच्या नोकरीत भावजयीने किती बोलावं याला मर्यादा आहे. ती मी दोन-तीनदाच ओलांडली.

अशात एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली. मी भाजी चिरत होते. तिने उगाच एक गाजर उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

"वहिनी, ओला कागद कसा वाळवतात गं?"

"कसला कागद?"

"असाच. एखादा."

ताकाला जाऊन भांडं लपवायची हिची जुनी खोड. मी सुरी खाली ठेवली. "एखादा म्हणजे किती?"

"दोन कपाटं."

मग सगळं बाहेर आलं. दुपारी त्यांच्या मागच्या खोलीतला पाण्याचा पाइप फुटला होता. खालच्या खणांतले जुने प्रबंध भिजले होते. टाइप केलेले, कापडी बांधणीचे, प्रत्येकाची एकच प्रत. मॅडम गावाला गेलेल्या. हिने शिपायांना घेऊन सगळे बाहेर काढले, टेबलांवर मांडले, पंखे लावले, पण जागा पुरेना आणि प्रबंध संपेनात.

"उद्या-परवा बुरशी धरेल," ती म्हणाली. "एकेका माणसाची पाच-पाच वर्षं आहेत त्यात."

"मग ग्रुपवर विचार."

"नको."

"अगं, प्रबंध जातील."

"मला माहीत आहे," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. तेव्हा मला कळलं की ही भीती चेष्टेची नाही. जिवापाड जपलेली वस्तू डोळ्यांदेखत सडताना बघायला ती तयार होती, पण दोन ओळी लिहायला तिचं बोट उठत नव्हतं.

मी हात पुसले आणि माझ्या फोनवरून विचारलं: बांधीव कागद भिजलेत, पुष्कळ आहेत, काय करावं?

"तुझ्या नावाने?" ती घाबरून म्हणाली. "मग शिकवावं लागेल तुला."

"शिकवीन. मला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला."

चहाला उकळी फुटायच्या आत उत्तरं आली. विसरोबांनी उन्हात घाला म्हणून सांगितलं. मेडिकल कॉलेजच्या अक्कांनी त्यांना तिथल्या तिथे झापलं, कागद पापडासारखे वाकडे होतील म्हणून. मग आले पॉलिटेक्निकचे आजोबा. हे वयाने माझ्याएवढेच, पण केस विशीतच पांढरे झाल्यामुळे आजोबा. त्यांनी लिहिलं: "सगळं एकदम वाळवायला जाऊ नका. प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि फ्रीझरमध्ये गोठवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. मग झेपतील तेवढे काढा आणि सावकाश वाळवा."

एवढा मोठा फ्रीझर आणायचा कुठून, हे विचारायच्या आतच हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजच्या ग्रंथपालबाईंचा निरोप आला. त्यांच्या शिकवणीच्या स्वयंपाकघरात एक फ्रीझर जवळजवळ रिकामा होता. वरच्या खणात मटार आहेत, तेवढे हलवू नका म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी गाडी काढली. आग्रह न करणारा माणूस ओझी मात्र मुकाट्याने उचलतो. फेऱ्या करून सगळे प्रबंध मटारांच्या खाली जाऊन बसले. पुढचे काही आठवडे नणंद तिथून थोडे थोडे प्रबंध आणायची, पानांमध्ये टिपकागद घालायची, बदलायची, पंख्याखाली उभे करायची. मी एकदा बघायला गेले होते. बघितलं कमी आणि तिच्या डब्यातलं खाल्लं जास्त.

मग बैठक आली. यजमान आमचंच कॉलेज. तिने मला नमुन्याला दोन प्रबंध दिले आणि स्वतः जाऊन दाराजवळ बसली. चहा झाला, बातम्या झाल्या, अक्कांना त्यांच्या मासिकाचे हरवलेले अंक विसरोबांकडे सापडले, आणि मी उभी राहिले.

सुरुवात झकास झाली. फ्रीझर, प्लास्टिक, मटार, सगळं सांगितलं. लोक हसले, मीही खुलले. तेवढ्यात आजोबांनी विचारलं, "प्रबंधात फोटोंची गुळगुळीत पानं असतात. त्यांचं काय केलं?"

मला काय माहीत? पण जीभ सुटलेली होती. "तेही तसंच," मी म्हणाले. "मिटून ठेवायचे, वर वजन, आणि वाळू द्यायचे."

"नाही."

आवाज दाराकडून आला. सगळ्या माना वळल्या.

"मिटून नाही," नणंद म्हणाली. ती उभी राहिली होती आणि आपण उभ्या आहोत हे तिला बहुतेक कळलं नव्हतं. "गुळगुळीत पानं मिटलेली वाळली की एकमेकांना चिकटतात. त्याची वीट होते. मग काही करता येत नाही."

ती पुढे आली आणि माझ्या हातातला प्रबंध तिने काढून घेतला. पहिली दोन वाक्यं ती टेबलाशीच बोलली. आवाज बारीक, कानांच्या पाळ्या लाल. मग तिने प्रबंध उघडला, आणि हात कामाला लागले तसा आवाजही लागला. पानं ओली असतानाच कशी सुटी करायची, मध्ये मेणकागद कसा सरकवायचा, टिपकागद कधी बदलायचा. बोलता बोलता तिने दुसरा प्रबंध उचलला आणि सगळ्यांना दाखवला. त्याच्या मधल्या पानांचा घट्ट ठोकळा झाला होता.

"हा माझ्याकडून गेला," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. तेव्हा मला हे माहीत नव्हतं."

विसरोबांनी हात वर केला. "पण प्रबंध तर तुमच्या वहिनींचे भिजले होते ना?"

"आमचे भिजले होते," ती म्हणाली. "मला विचारायची भीती वाटत होती, म्हणून वहिनीने विचारलं. पाइप फुटल्या फुटल्या विचारलं असतं तर हाही वाचला असता."

मला भरून आलं. आमचे हे समोर असते तर त्यांनाही आलं असतं. अक्कांनी फक्त एवढंच म्हटलं, "म्हणजे नियमाप्रमाणेच झालं की. ज्याचं अडलं तोच शिकवतोय," आणि पुढचा प्रश्न विचारला. मग प्रश्न थांबेनात. मी मागे गेले आणि दाराजवळची खुर्ची रिकामी होती तिच्यात बसले. चांगली खुर्ची आहे, वारा येतो.

घरी जाताना ती म्हणाली, "मुद्दाम चुकलीस ना?"

खरं सांगायचं तर माझं पितळ उघडं पडलं होतं, बाकी काही नाही. पण एवढा मोठेपणा आयता मिळतोय तर कशाला सोडा? "तुला काय वाटतं?" मी म्हणाले. तिने माझा हात दाबला. मी तो तसाच राहू दिला.

प्राचार्यांचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही, आणि मला ते किती जड गेलं हे ह्यांना विचारा. परीक्षा संपत आल्या. एका सुट्टीच्या सकाळी मी पेपर वाचत होते आणि फोन वाजला. ग्रुपवर प्रश्न आला होता. पुस्तकाची सुटलेली पाठ पुन्हा कशी चिकटवावी? खाली नणंदेचं नाव.

मी दोनदा वाचलं. पुस्तकांच्या पाठी चिकटवायला हिनेच तर मला शिकवलं होतं, याच घरात, याच टेबलावर. मी जिन्याशी जाऊन वर हाक मारली.

"वन्सं, अगं हे तर तुला येतं."

"येतं की," वरून आवाज आला. "पण विचारल्याशिवाय मला शिकवायला उभं कोण करणार?"

मी काही बोलणार, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. तोही निरोप तिचाच होता: पुढची बैठक सायन्स कॉलेजात, यजमान मी, सगळ्यांनी वेळेवर यावं.

मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि आधी ह्यांना हाक मारली. मग चहाचं आधण चढवलं, आणि तिला खाली बोलावलं.