मी टाइप केलेला माणूस

मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी टाइपरायटर पाहिला आहे? फारसे हात वर होणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी एक जुना, काळा, लोखंडी टाइपरायटर. मला उचलायला दोन माणसे लागतात आणि तीही कुरकुर करतात. विधी खात्याच्या मसुदा शाखेत, खिडकीपासून दुसऱ्या टेबलावर माझी सारी हयात गेली. देशाचे कायदे सभागृहात जाण्याआधी माझ्या पोटातून जात. मी एकशे बारा कायदे लिहिले आणि एक माणूस लिहिला. कायद्यांचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. मी तुम्हाला माणसाची गोष्ट सांगणार आहे.

कारखान्यात एका कामगाराने माझ्या अक्षरांचे दांडे एकेक करून बसवले. दुसऱ्याने तेल दिले. तिसऱ्याने एक ओळ टाइप करून पाहिली, ती सरळ आली आणि त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. त्या एका थापेवर मी कित्येक वर्षे फुगून बसलो होतो. शाखेत आम्ही पाच यंत्रे होतो, पण माझे अक्षर सर्वांत स्वच्छ. दुसऱ्यांच्या वाट्याला रजेचे अर्ज आणि पंख्यांच्या दुरुस्तीची पत्रे येत. कायदा आला की तो माझ्याचकडे यायचा. मला गर्व झाला होता, हे मी कबूल करतो.

माझ्यावर काम करायच्या त्या बाई. त्यांना शाखेत सगळे बाईच म्हणत. नवरा लवकर गेला, पदरात एक शाळकरी मुलगी. थोरल्या भावाने त्यांना आपल्या घरी आणले आणि वरच्या दोन खोल्या दिल्या. बाई रोज सकाळी आल्या की आधी माझ्या कळा फडक्याने पुसायच्या, मग स्वतःचा चष्मा. त्यांची बोटे हलकी होती. त्यांच्या हातून चूक झालेली मी अकरा वर्षांत तीनदा पाहिली, आणि तिन्ही वेळा त्यांनी अख्खा कागद बदलला.

त्यांचा भाऊ घड्याळजी होता. लष्कराच्या छावणीच्या फाटकासमोर त्याचे एवढेसे दुकान होते. आमच्या शाखेतल्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाची देखभाल त्याच्याकडेच होती. दर शनिवारी तो यायचा, स्टुलावर चढायचा, चावी द्यायचा आणि उतरताना बहिणीच्या टेबलावर टिचकी मारायचा. सदतीस वर्षांच्या बाईला तो ‘चिमणे’ म्हणायचा. शाखेतले लोक हसायचे, पण त्याची त्याला काही फिकीर नव्हती.

आमचे शाखाप्रमुख स्वल्पविरामांसाठी जीव टाकत. म्हणून त्यांच्या पाठीमागे त्यांचे नावच स्वल्पविराम पडले होते. त्यांचा एक नियम होता. कोरी जागा सभागृहात जाता कामा नये. कोणे एके काळी विधेयकातल्या एका कोऱ्या रकान्यात वाटेत कोणीतरी पेन्सिलीने काहीतरी भरले होते म्हणे. तेव्हापासून कायद्याच्या शेवटी अर्जाचा नमुना जोडायचा असला, तर तो कोणाच्या तरी नावाने भरूनच जोडायची आमची पद्धत होती. यासाठी आम्ही वर्षानुवर्षे शाखेतला एक मयत शिपाई वापरत होतो. मासेमारीचा परवाना, विहिरीची नोंद, दत्तकपत्र, सगळे त्याच्याच नावाने. जिवंतपणी जो माणूस उठून पाणी आणायला कुरकुरायचा, त्याने मेल्यानंतर एवढे उद्योग केले.

मग ते विधेयक आले. लष्करी गुप्तवार्ता बळकटीकरण विधेयक. शत्रू आपल्या दारापर्यंत येतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही, म्हणून लष्कराचे कान लांब करायचे, असा त्याचा मथितार्थ होता. चौदाव्या कलमात म्हटले होते, की परिशिष्ट ‘ब’ मध्ये ज्या व्यक्तीचा तपशील असेल, ती व्यक्ती निगराणीखाली आहे असे मानण्यात येईल आणि तिला स्थानबद्ध करता येईल. अशा व्यक्तींसाठी जो तक्ता भरायचा, त्याचा नमुना म्हणजेच परिशिष्ट ‘ब’. बाई सवयीने त्यात मयत शिपाई भरू लागल्या.

स्वल्पविराम मागे येऊन उभे राहिले. “अहो बाई, मेलेल्या माणसावर पाळत कशी ठेवणार? तो कितीला घरून निघतो, कुठे बसतो, हे विचारलंय इथे. विरोधक हसतील आपल्याला.”

“मग कोणाला घालू, साहेब?”

“कोणालाही घाला. पण खरा वाटला पाहिजे. आणि चारच्या आत द्या, गाडी थांबलीय खाली.”

पावणेचार झाले होते. बाईंची बोटे माझ्या कळांवर क्षणभर थांबली, मग भराभर चालू लागली. खरा वाटेल असा माणूस त्यांना तोंडपाठ होता. वय एक्केचाळीस. उंची मध्यम. डाव्या भुवईवर जुना व्रण. व्यवसाय घड्याळ दुरुस्ती. बसण्याची जागा छावणीच्या फाटकासमोर. वेळ सकाळी नऊ ते सहा. सवय : एका डोळ्याला भिंग लावून बारकाईने पाहणे. दर शनिवारी सरकारी कार्यालयात ये-जा. नाव मी तुम्हाला सांगणार नाही. एकदा मी ते लिहिले आहे, तेवढे पुरे.

स्वल्पविरामांनी कागद वाचला आणि खूश झाले. “वा! हा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो.” मग त्यांनी लाल पेन काढले आणि वरच्या ‘परिशिष्ट ब : नमुना’ या मथळ्यातला ‘नमुना’ हा शब्द खोडला. परिशिष्ट म्हटले की नमुना आलाच, उगाच शब्द कशाला वाढवायचा, असे त्यांचे म्हणणे होते. मी ते पान पुन्हा लिहिले. इतके सुंदर पान माझ्या हातून त्या वर्षात दुसरे झाले नव्हते.

शनिवारी घड्याळजी आला. तो चावी देऊन उतरत असताना बाई हळूच म्हणाल्या, “दादा, तुला कायद्यात घातलंय बरं का मी.”

“मला? काय केलं मी?”

“काही नाही रे. नमुना म्हणून.”

“अगं चिमणे, मग फुकट होय? चहा पाज!” तो एवढा हसला की स्टूल डगमगले.

सभागृहाने विधेयक अकरा मिनिटांत मंजूर केले. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न, बोलणार कोण? परिशिष्टे तर कोणी कधी वाचतच नाही. पण छावणीत एक नवा कप्तान आला होता, हुशार आणि मेहनती. त्याने कायदा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. शेवटच्या पानावर त्याला एक माणूस सापडला, आणि खिडकीतून पाहतो तो काय, तोच माणूस समोर बसलेला, डोळ्याला भिंग लावून.

एका मंगळवारी भर सकाळी घड्याळजीला दुकानातून उचलले. त्याची बायको धापा टाकत आमच्या शाखेत आली. पायातल्या चपला एका जोडीच्या नव्हत्या. “वन्सं, ह्यांना नेलं हो! कोणीतरी नाव दिलंय म्हणतात. कोणी दिलं असेल? ह्यांचं कोणाशी वाकडं नव्हतं हो!”

बाईंनी तिला पाणी दिले. निम्मे पाणी माझ्यावर सांडले. त्या म्हणाल्या, “वहिनी, मी बघते. वरती विचारते.”

त्या विचारायला गेल्या, पण स्वल्पविरामांपर्यंतच. त्यांनी आधी दार लावायला सांगितले. दार नीट लागत नव्हते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

“मी ‘नमुना’ खोडला, हे कुठे लिहिलंय?” ते म्हणाले. “तो कच्चा कागद तर जाळला आपण. नियमच आहे तसा. हे बघा बाई, टंकलेखनाची चूक असेल, तर कायदा झाल्यापासून साठ दिवसांत शुद्धिपत्रक काढता येतं. सभागृहात जावं लागत नाही. तुमचा भाऊ दुसऱ्या दिवशी घरी येईल. फक्त ज्याच्या बोटांनी चूक झाली, त्याची लेखी कबुली जोडायची.”

“मग देते ना मी.”

“बाविसावं कलम आठवतंय का? तुम्हीच टाइप केलंत. निगराणीच्या तक्त्यात खोटा तपशील भरणाऱ्याला सात वर्षं. आणि साठ दिवसांनंतर चूक ही चूक राहत नाही, तो कायदा होतो.”

मित्रांनो, आता सगळे तुमच्यापुढे आहे. बाईंनी सही केली, तर भाऊ सुटणार होता आणि त्या सात वर्षे आत जाणार होत्या. त्यांची मुलगी नऊ वर्षांची होती. सही केली नाही, तर भाऊ आत राहणार होता, आणि त्याला सोडवण्यासाठी सभागृहाला कायदा बदलावा लागणार होता. एका घड्याळजीसाठी सभागृह बसत नाही.

ती कबुली बाईंनी माझ्यावर किती वेळा लिहिली, ते माझ्या फितीला विचारा. ‘मी खाली सही करणार लिहून देते की’ इथपर्यंत यायच्या आणि कागद ओढून काढायच्या. वीस दिवस गेले, मग चाळीस. शनिवार येत आणि जात. भिंतीवरचे घड्याळ बंद पडले, तर स्वल्पविरामांनी दुसरा घड्याळजी बोलावला. तो आठवड्याला पाच मिनिटे पुढे जाणारे घड्याळ लावून गेला आणि कोणाला काही वाटले नाही.

साठावा दिवस सोमवार होता. ऑफिस साडेपाचला बंद होत असे. त्या दिवशी बाईंनी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. तीन वाजता त्यांनी कोरा कागद चढवला आणि या वेळी न थांबता शेवटपर्यंत लिहिला. एकही चूक नाही. ‘माझ्या भावाचा कोणताही अपराध नाही. तपशील मी भरला.’ खाली सहीची जागा सोडली, पेनाचे टोपण काढले. मी तुम्हाला खरे सांगतो, मला त्या क्षणी त्यांचा अभिमान वाटला.

तेवढ्यात वहिनी आली. एवढ्या दिवसांत ती वाळून काटकी झाली होती, पण आज चेहरा थोडा उजळला होता. “वन्सं, भेट मिळाली हो काल! दहा मिनिटं. जाळीतून.”

बाईंच्या हातात पेन तसेच होते. “कसा आहे दादा?”

“दात पाडलेत दोन. हात... हात दाखवत नव्हते ते.” तिने पदराने डोळे पुसले. “तुमच्यासाठी निरोप दिलाय. म्हणाले, चिमणीला सांग, घाबरू नकोस म्हणावं, मी काही बोललो नाही. म्हणजे काय हो?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “असंच.”

त्यांनी पेनाला टोपण लावले. रूळ फिरवून कबुली माझ्यातून काढली आणि पालथी करून खणात ठेवली. मी पाहिले, त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखे काहीतरी आले होते. मी यंत्र आहे, माझी चूक होऊ शकते. पण अकरा वर्षे मी तो चेहरा एका हाताच्या अंतरावरून पाहत होतो.

“मला एक अर्ज लिहून द्या,” वहिनी म्हणाली. “हातचा लिहिलेला कोणी वाचत नाही. लिहा, माझा नवरा निरपराध आहे. त्याला सोडावं. आणि लिहा, ज्या कोणी त्याचं नाव दिलं, त्याला शोधून काढून शिक्षा करावी. त्याच्या घरातलं माणूस त्याच्यापासून असंच तुटावं.”

“असं अर्जात लिहीत नसतात वहिनी.”

“लिहा हो. माझ्या जिवाला तेवढंच बरं वाटेल.”

बाईंनी ते लिहिले. एक शब्दही गाळला नाही. माझी घंटी दर ओळीला वाजत होती. अर्ज संपला तेव्हा साडेपाचला दहा मिनिटे होती. वहिनीने बाईंचे दोन्ही हात धरले आणि ती म्हणाली, “तुम्ही आहात म्हणून धीर आहे मला.” मग ती गेली. बाईंनी खण उघडला नाही. त्या तशाच बसून राहिल्या, साडेपाच झाले, आणि त्यांनी माझ्यावर खोळ घातली.

त्यानंतर दर महिन्याला वहिनी यायची आणि बाई तिला अर्ज लिहून द्यायच्या. चौथ्या वर्षी छावणीतून चार ओळींचा कागद आला. सदर व्यक्ती मयत असल्याने यापुढे अर्ज करू नयेत. वहिनीला सरकारी भाषा नीट समजेना, म्हणून तो कागदही ती बाईंकडेच घेऊन आली. बाईंनी तो तिला मोठ्याने वाचून दाखवला.

बाई पुढे बढती मिळून निवृत्त झाल्या. त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमाला वहिनीला मुद्दाम बोलावले होते. स्वल्पविराम भाषणात म्हणाले, की बाईंच्या हातून कधी चूक झाली नाही. मग वहिनी उठली. तिला बोलायची सवय नव्हती. ती एवढेच म्हणाली, “माझ्या नवऱ्यासाठी माझ्या नणंदेनं जेवढं केलं, तेवढं कोणी केलं नाही.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या.

मित्रांनो, आता रिवाजाप्रमाणे मी तुम्हाला सांगायला हवे, की जुन्या यंत्रांची काळजी घ्या, त्यांना तेल द्या, त्यांच्यावर धूळ साचू देऊ नका. माझी काळजी सर्वांनी फार घेतली. त्या साठ दिवसांतसुद्धा बाई रोज सकाळी माझ्या कळा पुसत होत्या. मला गंज लागला नाही, माझे एक अक्षरही कधी तुटले नाही. माझ्यासाठी तुम्ही काही करू नका. तुमच्या हातून एखाद्या माणसाच्या बाबतीत काही चुकले असेल, तर मात्र आजच जाऊन सांगा, कारण तो तुमच्यासाठी गप्प बसला असेल आणि त्याला तिथे कोणीतरी विचारत असेल.