चौथ्या वळणावरचा काळा धूर

सलग तिसऱ्या दिवशी ट्रकने खंबाटकीच्या चौथ्या वळणावर दम सोडला. दिपालीने मांडीवरच्या लॅपटॉपवर बोट ठेवलं. इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाची रेघ तिथे कड्यावरून दगड घसरावा तशी खाली आली होती. आरशात मागचा रस्ता काळ्या धुराने भरून गेला होता.

"बगितलंस का?" बाजीकाकांनी गिअर खाली टाकला. "पुन्हा तितंच. वळणात शिरलं की इंजान मान टाकतंय."

"व्हय काका. पर सरळ चढाला टाकत न्हाई."

"तेच तर म्या कवाधरनं सांगतुय!"

बाजीकाका किकवीचे. तीस वर्षं त्यांनी जड ट्रक हाकले होते आणि आता वरव्याजवळच्या शेडमध्ये चाचणीचा ट्रक चालवत होते. तिथे जड ट्रकसाठी नवं डिझेल इंजिन घडत होतं. आकाराने जुन्यापेक्षा लहान, पण ओढ तेवढीच हवी होती, आणि ती टर्बोने मिळायची होती. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा भरपूर मिळाली की डिझेल पुरतं जळतं. ती कमी पडली की धूर होतो आणि इंजिनाचा जीव जातो.

दिपाली ढेबे वेल्ह्याच्या डोंगरातली, मेंढ्या राखणाऱ्या घरातली. भोरला चंद्रामावशीकडे राहून तिने डिप्लोमा केला होता. शेडमध्ये तिचं काम एवढंच, की ट्रकमध्ये बसून आकडे टिपायचे. त्यांचा अर्थ लावायला शुभा मॅडम होत्या. मॅडम भोरच्याच. या इंजिनावर त्यांची चार वर्षं गेली होती, आणि त्यांचं मत ठरलं होतं.

"टर्बोच कमी पडतोय," त्या म्हणाल्या. "दोन बदलून झाले. आता मोठा घ्यायचा. म्हणजे इंजिनाचं एक अंग नव्याने आखायचं. सहा महिने गेले समजा."

"पण मॅडम, इथे शेडमध्ये हेच इंजिन याच दाबाला तासन्‌तास चालतं. तेव्हा दाब पडत नाही."

"इथे घाट नाही, दिपाली."

ते उत्तर दिपालीच्या डोक्यात रुतून बसलं. घाटात असं काय होतं, जे शेडमध्ये होत नाही? दुपारी ती ट्रकच्या पुढच्या बाजूला वाकली आणि टर्बोपासून हवा थंड करणाऱ्या जाळीकडे जाणारा पाइप तिने हाताने चाचपला. रबरी जोडाशी बोटांना तेलाचा पातळ थर लागला. इथून हवा निसटत असणार, असं तिला वाटलं. तिने जोडावरची पट्टी कसून आवळली आणि मॅडमना जाऊन सांगितलं, "उद्या चढेल."

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः ट्रकमध्ये बसल्या. मागे चाळीस टनांची वाळूची पोती होती. पहिली तीन वळणं गेली. चौथ्यावर रेघ कोसळली आणि धूर आला. परतीला ट्रक घाटाखालच्या बोगद्यातून आला. कापूरहोळला चहाला उतरल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "जोड लीक असेल असं मलाही वाटू शकतं. वाटण्यावर इंजिन बनत नाही. मोजून दाखव." मग घड्याळ बघून त्यांनी पुढचं सांगितलं. उद्या दुपारी दोनला इंजिन उतरवायचं.

दिपालीचे कान तापले. चूक तिची होती, आणि चारचौघांत झाली होती. पण चहा संपेपर्यंत तिचा राग मॅडमवरून हटून त्या जोडावर जाऊन बसला. आवळूनही हवा निसटते, याचा अर्थ पट्टी ढिली नाही. मग जोड कशाने उघडतो?

"काका, इंजान वळणात हलतं का वो?"

बाजीकाका हसले. "हलतं म्हंजे? रबरावं बसवलंय ते. जोर केला की एका अंगाला उठतंय. आन वळणात सगळा सांगाडाच पिळतोय की. केबिनचं दार करकरतंय, ऐकलं न्हाईस?"

दिपालीने कप खाली ठेवला. शेडमध्ये इंजिन लोखंडी चौकटीला घट्ट बांधलेलं असतं. घाटात ते उठतं, पण हवेची जाळी सांगाड्यावर बसलेली असते, ती जागची हलत नाही. दोन्हींच्या मध्ये तो पाइप ताणला जातो.

सकाळी आठला ती शेडमध्ये हजर होती. तिने पाइपची दोन्ही टोकं बंद केली आणि कंप्रेसरची हवा सोडून घाटात असतो तेवढा दाब भरला. बाजीकाकांनी बादलीत कपडे धुण्याची पावडर कालवून फेस केला. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसं ते पाणी तिने जोडावर ओतलं. एकही बुडबुडा आला नाही.

"आता काका, उजवं पुढचं चाक ठोकळ्यावर."

चाक वर चढलं, सांगाडा तिरका झाला. दिपालीने इंजिनाच्या एका अंगाखाली जॅक लावला आणि दांडा मारू लागली. इंजिन बोटभर उठलं. जोड कोरडाच होता. बाजीकाकांनी तिच्याकडे पाहिलं. तिने आणखी चार दांडे मारले. दोन बोटं झाली आणि रबराच्या खालच्या कडेशी फेस उसळला, उतू जाणाऱ्या दुधासारखा.

"आलं!" बाजीकाका ओरडले. "आगं, आलं की!"

दिपाली उठली नाही. तिने जॅक उतरवला, फेस थांबला. पुन्हा चढवला, पुन्हा फेस. असं पाच वेळा करून इंजिन नेमकं किती उठल्यावर हवा सुटते, ते पट्टीने मोजून तिने लिहून काढलं. मगच मॅडमना हाक मारली.

शुभा मॅडमनी साडीचा पदर खोचला आणि जॅकचा दांडा हातात घेतला. तीन वेळा चढवला, तीन वेळा उतरवला. मग वहीतले आकडे वाचले.

"दोन टर्बो उगाच खराब ठरवले मी," त्या म्हणाल्या. आवाजात खेद होता, पण घाईही होती. "पाइप आपणच आखूड काढला. जागा वाचवायला. इंजिन उतरवायचं नाही, सांग सगळ्यांना."

नवा जोड यायला सोळा दिवस लागले. घड्याघड्यांचा, भात्यासारखा, हवा तेवढा ताणला जाणारा. बसवताना तो पंख्याच्या आवरणाला घासत होता. दिपालीने आवरण कापून घेतलं, जोडाला आधाराची पट्टी लावली आणि पुन्हा जॅकवर इंजिन चढवलं. या वेळी तीन बोटं. फेसाचं पाणी जोडावरून नुसतं ओघळत राहिलं, बुडबुडा आला नाही.

मग खंबाटकी. पोती तीच होती, ऊन मात्र वाढलं होतं. चौथं वळण आलं तेव्हा बाजीकाकांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय दाबला तो उचलला नाही. दार करकरलं. दिपालीचे डोळे रेघेवर होते. रेघ किंचित थरथरली आणि सरळ पुढे गेली.

"धूर?" तिने विचारलं.

"कुटला धूर!" बाजीकाका आरशात पाहत म्हणाले. "मागची एस्टी दिसतीय सोच्छ. लई दिसांनी असा चढलाय गडी."

दिपाली मोठ्याने हसली. घाटमाथ्यावर मॅडमचा फोन आला, तेव्हा तिने आधी दाब सांगितला आणि मग थोडं थांबून दुसरा आकडा सांगितला. इंजिन आता पुऱ्या ताकदीने ओढत होतं, त्यामुळे त्याला थंड ठेवणारं पाणी ठरल्यापेक्षा नऊ अंशांनी जास्त तापलं होतं.

पलीकडून त्यांनी तो आकडा पुन्हा विचारून घेतला. मग मॅडम म्हणाल्या, "म्हणजे रेडिएटर. बरं झालं, आत्ताच कळलं. जोडाचा अहवाल तुझ्या नावाने जाईल, आज संध्याकाळपर्यंत लिही. आणि या तापण्याचं तुला काय वाटतं?"

"अजून काहीच वाटत नाही, मॅडम," दिपाली म्हणाली. "आणखी दोन फेऱ्या मोजते, मग सांगते."

तिने खिडकीची काच खाली केली. बाजीकाकांनी गाडी वळवून बोगद्याकडे घातली.